थांबून म्हणायचं कडवं

स्तुती ऐकली की मला मळमळतं. स्वभाव म्हणा, नाहीतर नंदुरबारमध्ये इतकी वर्षं काढल्याचा परिणाम म्हणा. आमच्या गावात कुठल्याही चौकात उभं राहा, कुणाचा तरी वाढदिवस चाललेलाच असतो. फलकावर गॉगल लावलेला एक मोठा चेहरा, त्याच्या पायाशी हात जोडलेले बारके चेहरे, आणि मध्ये चार ओळींची कविता. तीत सूर्य, वाघ आणि देवमाणूस एकाच माणसात कोंबलेले असतात. कवितेखाली कवीचं नाव नसतं, तेवढी लाज अजून शिल्लक आहे म्हणायची.

आणि नशीब असं की कॉलेजात मला ओड शिकवावी लागते. कुणाला तरी समोर धरून, हाक मारून गायलेली थोरवीची कविता म्हणजे ओड. पुस्तकात तिला उद्देशिका म्हणतात, वर्गात आम्ही सरळ ओडच म्हणतो. तिचा एक जुना धंदा मी मुलींपासून लपवत नाही. शर्यती जिंकणाऱ्या धनवंतांकडून मोबदला घेऊन ग्रीक कवी त्यांच्या ओडी लिहीत. म्हणजे आमच्या फलकांचं घराणं चांगलं जुनं आहे. पण त्याच लोकांनी नाटकात ओडीला दुसरं काम दिलं, आणि त्या कामासाठी मी तिचे सगळे गुन्हे माफ करते. नाटकात राजे भांडतात, मरतात, मारतात. मधेमधे गावातली साधी माणसं, म्हणजे कोरस, पुढे येऊन गातात. एक कडवं एका बाजूला चालत, दुसरं उलट्या बाजूला चालत, आणि तिसरं थांबून. थांबून म्हणायच्या कडव्यात पाय हलत नाहीत. माणूस जागेवर उभा राहून जे बोलायचं ते बोलतो.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आम्ही असं एक नाटक बेतलं. एक राजा गावची नदी आपल्या बागेकडे वळवून घेतो, एवढीच गोष्ट. कोरस होता मिरची निवडणाऱ्या बायांचा. मुली शहाद्याकडच्या, खापरकडच्या, काही इथल्याच. ओड त्यांनीच रचली, अहिराणीत, तापीला हाक मारून. उजवीकडे जाताना भरलेल्या नदीचं कौतुक: 'तापीमाय, तुन्ही ओटीमा आमनं गाव मोठं व्हयनं.' डावीकडे जाताना आटलेल्या नदीचं दुःख. मग थांबायचं, राजाकडे तोंड करायचं, मान ताठ, आणि म्हणायचं: 'राजा, नदी तुन्हा बापनी नही. सोड तिले.'

ही शेवटची ओळ कोरसच्या म्होरकीची. कळसाडीची मुलगी, घरी ऊस तोडायच्या दिवसांत वर्गाला न येणारी, आली की मात्र सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. मिरचीचा हंगाम होता. वाऱ्याबरोबर ठसका आत यायचा आणि निम्मा कोरस शिंकत शिंकत नदीचं दुःख गायचा. पण ती ओळ आली की शिंकासुद्धा थांबायच्या. मला वाटायचं, या मुलींनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी असं तोंडावर सांगितलं असेल. खोटा का होईना, राजाच तो. ती ओळ बाहेरगावच्या लोकांसमोर एकदा म्हणता यावी, एवढ्यासाठी त्या सगळ्या घरच्यांशी भांडून तालमीला येत होत्या.

अशात प्राचार्यांनी मला बोलावलं. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस महोत्सवाच्या आदल्याच आठवड्यात येत होता.

"मॅडम, तुमचा ग्रुप तयारच आहे. चाल छान आहे, चालणं छान आहे. फक्त तापीच्या जागी साहेबांना घ्या."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण ते पुढे म्हणाले, की महोत्सवाला जायची बस साहेबच देणार आहेत. आणि हसून, "अडला हरी, काय म्हणतात ते," असंही म्हणाले. म्हणजे गाढव कोण हे त्यांनाही माहीत होतं.

मी नाही म्हटलं. त्यांनी ते काम एका तरुण सहकाऱ्याला दिलं. त्याने ओळी बदलल्या आणि शेवटच्या कडव्याची अडचणही सोडवली: ओळ गाळून टाकली, तिथे थांबायचं आणि सगळ्यांनी कमरेपर्यंत वाकायचं. आठवडाभर रोज आधी वाकण्याची तालीम, मग उरलेल्या वेळात आमचं नाटक. मी म्होरकीला म्हटलं, तुम्हाला नको असेल तर सांगा, मी भांडते.

"म्हनी टाकूत ना मॅडम," ती म्हणाली. "तोंडवरी म्हनानं, मनमा नही. गाडी तं भेटी!"

तिचं म्हणणं माझ्यापेक्षा शहाणपणाचं होतं.

वाढदिवसाचा तो सोहळा आठवला की आजही शिसारी येते. क्रेनने उचललेला हार, तलवारीने कापलेला केक, तो साहेबांना भरवताना क्रीम नेमकं आपल्या बोटाला लागावं म्हणून चाललेली ढकलाढकली. क्रीम लागलेलं बोट एकाने चाटलं, तेही फोटोग्राफरकडे बघत. मग आमच्या मुली आल्या. उजवीकडे गेल्या, गायल्या: 'साहेब, तुमनी ओटीमा आमनं कॉलेज मोठं व्हयनं.' सहकाऱ्याने चालीत बसतं म्हणून ओटी तशीच ठेवली होती. साठीच्या मिशाळ पुरुषाला ओटी दिली, आणि तीनशे माणसांच्या मांडवात एकालाही हसू आलं नाही. लाळघोटेपणाने माणसाचे कान आधी जातात. मुली थांबल्या, वाकल्या. साहेबांना ते वाकणं इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. मग व्हिडिओवाल्याचं नीट आलं नाही म्हणून तिसऱ्यांदा.

बस मिळाली. महोत्सवात आमचं नाटक दुपारी होतं. प्रेक्षागृह भरलेलं. मुली रंगून गेल्या होत्या. शेवटी ओड आली. उजवीकडचं कडवं चोख, डावीकडचं चोख. मग त्या थांबल्या, राजाकडे वळल्या.

आणि म्होरकी वाकली.

ओळ ओठांवर असणार, पण तिचं अंग कमरेतून खाली गेलं, साहेबांच्या मांडवात गेलं होतं तस्संच. कोरसची सवय म्होरकीकडे बघून हलायची. मागच्या सगळ्या एकदम वाकल्या. राजा झालेल्या मुलीला काय करावं सुचेना, आणि पडदा पडला. टाळ्या मात्र कडाडल्या.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एक लांब केसांचे गृहस्थ भाषणात म्हणाले, की शोषित जनता राजाला जाब विचारणार असं वाटत असतानाच ती झुकते, हा शेवट केवढा धाडसी! मला त्या माणसाची किळस आली. म्होरकी उठली, मंचाजवळ गेली आणि त्यांना सांगायला लागली, की सर, तसं नव्हतं, ते चुकलं, आम्हाला बोलायचं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "बघा, ही खऱ्या कलावंताची नम्रता." पुन्हा टाळ्या. त्यांचा हात खाली येईपर्यंत ती तशीच उभी होती.

परतीच्या बसमध्ये मुली ट्रॉफी मांडीवर घेऊन आळीपाळीने फोटो काढत होत्या. प्राचार्यांचा फोन येऊन गेला होता. साहेब खूश होते, सत्कार ठरला होता, तिथे साहेबांवरचं तेच गाणं पुन्हा म्हणायचं होतं. म्होरकी माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. बराच वेळ मान चोळत होती.

"मन्ही मान कशी वाकनी, मालेच समजनं नही," ती म्हणाली. मी म्हटलं, होतं असं, सवयीने होतं. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं.

"मॅडम, मग त्या राजाले आते कोन सांगी?"

स्पर्धेच्या नाटकाला दुसरा प्रयोग नसतो, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.