रेकॉर्डवरचा हात कुणाचा

त्याला सगळे ‘बदली’ म्हणत. रॉक अँड रोलच्या एखाद्या बँडमधला गिटारवाला रेकॉर्डिंगच्या दिवशी आजारी पडला, रुसला किंवा नुसताच घाबरला, की स्टुडिओतून याला बोलावणं जाई. पुढे पुढे बँडवाले ठणठणीत असले तरी जाऊ लागलं. त्या पोरांचे फोटो झकास येत, केस झकास उडत, पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की त्यांच्या बोटांना कापरं भरे. मग फोटो त्यांचे आणि हात बदलीचा, अशी सगळ्यांच्या सोयीची वाटणी झाली.

सकाळी एक स्टुडिओ, दुपारी दुसरा. गिटार खांद्याला, अ‍ॅम्प्लिफायर हातात, आणि तोंडात सतत एखादा प्रश्न. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट विचारी, “तयार?” की हा म्हणे, “गाणं कशाबद्दल आहे?”

“तुला काय करायचंय?”

“अहो, मुलगी सोडून गेलीय की परत आलीय, एवढं तरी सांगा. तार तशी ओढावी लागते.”

एकदा वाजवून झालं, की ते त्याच्या डोक्यातून पाटी पुसावी तसं पुसलं जाई. नाहीतर दुपारच्या गाण्यात सकाळचं शिरलं असतं. घरी बायको रेडिओ लावून भाजी चिरत असे आणि मध्येच सुरी थांबवून विचारी, “अहो, हे तुमचंच ना?”

“असेल.”

“असेल म्हणजे? माणसाला स्वतःचा हात ओळखू येत नाही?”

“तुला येतो?”

“मला तुमचं घोरणं ओळखू येतं. ते अजून कुणी बाजारात आणलं नाही म्हणून, नाहीतर शपथेवर सांगितलं असतं.”

एक गाणं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. बँड झुलपेवाल्याचा होता. झुलपेवाला म्हणजे कपाळावर केसांची बट सोडून गिटार कमरेखाली लोंबकळवणारा, पोस्टरवरचा देखणा पोरगा. त्या गाण्याच्या मधोमध एकट्या गिटारीचा एक तुकडा होता; बाकीची गिटार झुलपेवाल्याने वाजवली होती, तेवढा तुकडा बदलीने. तो लोकांना इतका आवडला, की न्हाव्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे तो शिट्टीवर वाजवू लागले. बदली तो बसमध्ये ऐके, दुकानात ऐके आणि गप्प बसे. गप्प बसणं हा कामाचाच भाग होता. पण वय झालं, काम थांबलं, आणि त्या एकाच तुकड्याखाली आपलं नाव असावं असं त्याला वाटू लागलं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, हे जाऊ नये.

अशात रेकॉर्ड कंपनीने जुनी गाणी पुन्हा काढायचं ठरवलं. या वेळी वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापणार होते. बदलीने उभ्या जन्मात पहिल्यांदा आपणहून कंपनीला फोन केला आणि झुलपेवाल्याच्या गाण्यातला तो तुकडा आपण वाजवल्याचं सांगितलं.

“पण तो तर त्यांचा स्वतःचा आहे ना?” कंपनीची बाई गोंधळून म्हणाली. “त्यांनीच सांगितलंय तसं.”

जुना रेकॉर्डिस्ट वारला होता, कागदपत्रं कुणी ठेवली नव्हती. शेवटी तिने दोघांनाही स्टुडिओत बोलावलं.

झुलपेवाल्याच्या डोक्यावर आता एकही केस उरला नव्हता. त्याने बदलीला कडकडून मिठी मारली. “अरे, तू होतास खरा आमच्या रेकॉर्डिंगना. पण हे मीच वाजवलंय रे. आयुष्यभर वाजवतोय!” तो खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं स्टेजवर वाजवता वाजवता त्याला खरंच तसं वाटू लागलं होतं.

आधी त्याने तो तुकडा वाजवला. रेकॉर्डवर होता तसाच, सुराला सूर लावून. मग बदलीने गिटार घेतली. त्याने तो तुकडा त्या दिवसानंतर कधी वाजवलाच नव्हता, बोलावणार कोण? स्वर बरोबर आले, पण चाल नको तितकी साफ आली. मध्ये एका जागी रेकॉर्डवरची गिटार घसरत, किंचाळत वर जाते. याच्या हाताखाली तिथे नुसता एक सभ्य स्वर निघाला.

कंपनीच्या बाईने नजर खाली वळवली. बदलीचे कान तापले. आपण स्वतःलाच फसवत होतो की काय?

“मला फक्त गिटार ऐकवता?” तो म्हणाला. “गाणं, ड्रम, सगळं बंद करून.”

बाईने ऐकवली. त्याने पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा ऐकताना तो नावाचं विसरूनच गेला. मान तिरकी करून, भुवया चढवून नुसता ऐकत राहिला. “गंमत आहे,” तो पुटपुटला. “तो स्वर इथेच करंगळीखाली आहे. हात हलवायची गरजच नाही. मग हा माणूस अख्खा हात उचलून वर का पळतोय?”

“तेच तर!” झुलपेवाला उसळून म्हणाला. “किती वर्षं मनगट दुखतंय माझं त्या जागी! करंगळी ताणायची आणि वर ती घसरवायची. कुणा येड्याने हे असं बसवलंय, मी कितीदा...”

तो थांबला. बसवणारा दुसराच कुणी होता, हे त्याच्याच तोंडून निघालं होतं.

बदलीचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने घरी फोन लावला. “अगं, झुलपेवाल्याचं गाणं केलं तेव्हा, आपण भाड्याच्या घरात असताना, माझ्या करंगळीला काही झालं होतं का?”

“झालं होतं का? दारात चेंगरून घेतलीत आणि पंधरवडाभर घर डोक्यावर घेतलंत! आंघोळीचं पाणीसुद्धा मी काढून देत होते. का हो, आज दुखतेय?”

“नाही, नाही. नंतर सांगतो.”

त्याने स्टुडिओतली चिकटपट्टी मागून घेतली, करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली आणि पुन्हा वाजवायला बसला. त्या जागी आल्यावर करंगळी सवयीने निघाली, अडली, आणि दुसरा काही इलाज नाही म्हणून मधलं बोट तारेवरून घसरत, किंचाळत वर गेलं.

कंपनीच्या बाईच्या अंगावर काटा आला. तिने झुलपेवाल्याकडे पाहिलं.

त्याने पुढे होऊन बदलीची बांधलेली करंगळी बघितली. मग म्हणाला, “लिहा त्याचं नाव. आणि माझं खोडताना जरा हळू खोडा.”

“तुमचं गाण्यात आहेच की,” बाई म्हणाली. “बाकीची गिटार तुमचीच आहे.”

“हो? ती ऐकतो कोण?” तो हसला आणि त्याने बदलीपुढे आपला डावा हात धरला. “दे ती पट्टी इकडे. बांध माझी करंगळी.”

बदलीने बांधून दिली. झुलपेवाला वाजवू लागला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, आणि मग हात आपसूक वर गेला. “आयला!” तो ओरडला. “दुखलं नाही रे!”

“थांब, थांब,” बदली खुर्ची पुढे ओढत म्हणाला, “परत वाजव. अंगठा कुठे ठेवतोस ते बघू दे मला.”