रद्दीतलं अंतराळयान

रद्दीवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी रद्दी बांधायची सोडून तिच्यावरच मांडी घालून वाचत बसलो होतो. कॉलेजात असताना टीव्हीवर एका अंतराळयानाची मालिका लागायची, तिच्यावर निघालेल्या या कादंबऱ्या. तेव्हा काकांच्या वयाचा वाटणारा कप्तान आता माझ्याहून चांगला दहा वर्षांनी लहान निघाला. तरी तो "चला, निघू या" म्हणाला आणि माझ्या छातीत तेव्हासारखंच धडधडलं. वय झालेलं फक्त गुडघ्यांना कळतं की काय, कोण जाणे.

"ही पण द्यायचीत ना?" बायकोनं विचारलं. मी पुस्तक पोटाशी धरलं. तिनं रद्दीवाल्याला उद्या यायला सांगितलं, माझ्या हातातलं पान वाकून वाचलं आणि म्हणाली, "सरका जरा. यान सुटेपर्यंत बसते मीही."