शून्य खपाचं केंद्र

१९८६ च्या भाद्रपदात, गौरी यायच्या आदल्या दिवशी, अलोऱ्याजवळच्या आमच्या कुटुंबनियोजन केंद्रातून सुलोचनाला रिकाम्या हाताने परत पाठवलं. पाठवणारी मीच, केंद्र सांभाळणारी.

तिची दोन सिझर झालेली. तिसरं बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशनला ती तयार होती, पण भातकापणीनंतर. घरात कापणारी ती एकटी.

"धनी आलेत मुंबयसून. निरोध द्या."

"संपले गं. वरूनच कमी आले."

"मग त्यांना काय सांगू? माघारी जा, ताईंचा माल आला की पुढल्या गणपतीला या?"

"मुंबईहूनच आणा म्हणून लिहायचंस."

"ताई, खोलीत बारा जण ऱ्हातात. पत्र एक वाचतो, अकरा ऐकतात."

कमी का आले? हा माल परदेशी मदतीच्या पैशातून यायचा. कुठल्या केंद्राला किती, ते मागच्या तीन महिन्यांच्या खपावर ठरायचं. तो खप लिहून केंद्राने मागणीपत्र पाठवायचं, त्याला इंडेंट म्हणतात. आमच्याकडचे पुरुष मे संपला की मुंबईला जातात, ते गणपतीलाच उगवतात. मधल्या महिन्यांचा खप मी इमानदारीत शून्य लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने रत्नागिरीला, माल वाटणाऱ्या जिल्हा कार्यालयातल्या साहेबांसमोर उभी राहिले.

"शून्यावर एक खोका दिला, तो उपकार समजा," साहेब म्हणाले.

"साहेब, पावसाळ्यात गावात नवरेच नसतात."

"फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही."

"मग दोन सिझर झालेल्या बाईला परत पाठवलं, तिचं काय करू?"

"नसबंदीच्या कॅम्पला आणा. ऑपरेशनला पैसा भरपूर आहे."

मी तासभर भांडले. मग बाहेरच्या बाकावर बसून चार पानी निवेदन लिहिलं. समोर औषधाचं दुकान होतं. तिथून एक पाकीट विकत घ्यावं, हे मला सुचलं नाही.

कोजागिरीला सुलोचना आली. दिवस राहिले होते. गर्भपात आणि ऑपरेशन एकदमच उरकलं. विळा धरायला बंदी. शेजारणींनी जमेल तेवढं कापलं, उरलेलं भात आडवं पडून शेतातच कुजलं. पुढच्या मीटिंगला साहेबांनी माझं अभिनंदन केलं. आमच्या केंद्राची पहिली ऑपरेशनची केस.

मी शिकले ते एवढंच, की खरा आकडा भरला म्हणजे खरं सांगितलं असं होत नाही.

तुम्ही नुसतं हळहळू नका. तुमच्या तालुक्याच्या केंद्रात जा. इंडेंट दाखवा म्हणा. गणपती, शिमगा आणि मे महिन्याचा माल मुंबईचे चाकरमानी गावी यायच्या आधी मागवलाय का, विचारा. मागवला नसेल, तर तुमच्यासमोर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.