शकूताईचे दंड

शकूताईला मी फसवलं, आणि मला गुडगावच्या एका जाहिरातवाल्यानं. यातलं दुसरं मी इतकी वर्षं सगळ्यांना ओरडून सांगत आलो. पहिलं मात्र गेल्या महिन्यात दाजींचा फोन आला, तेव्हा प्रथमच मनाशी म्हटलं... दाजी म्हणाले, "विलास, तुझी ताई गेली रे. झोपेतच. एक फोटो लागेल, मोठा."

ताई माझी मावसबहीण. गोळाफेकीत राज्याकडून खेळलेली. दाजी फौजेत, म्हणून दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या मैदानावर ती जवानांच्या मुलींना गोळा शिकवायची. मी तेव्हा सरोजिनी नगरात फोटो स्टुडिओ टाकून हातपाय मारत होतो. गुडगावात शेतं जाऊन इमारती उठू लागल्या होत्या, आणि एका बिल्डरला क्लबहाउसच्या जाहिरातीसाठी 'असली खिलाडी' हवी होती. मी ताईला उभं केलं. गोळा मानेला टेकवलेला, दंड ताणलेला, खांदा दारात न मावणारा. तसा फोटो मी पुन्हा काढला नाही.

जाहिरातवाला बघून म्हणाला, "भाईसाहब, फ्लॅट बेचने हैं, लोगों को डराना नहीं है. बाजू आधी कर देंगे." कॉम्प्युटरवर दंड असा निम्मा करता येतो, हे नुकतंच कानावर आलं होतं. मी भडकलो, टेबलावर हात आपटला. आणि मग... सवयीनं घासाघीस केली. तो निम्मा म्हणाला, मी पाव. शेवटी तिसऱ्या हिश्श्यावर सौदा पटला. बहिणीचा दंड किती उतरवायचा, हे मी बाजारातल्या स्वेटरसारखं ठरवलं आणि जिंकल्यासारखा बाहेर पडलो. मूळ फिल्मही त्याच्या हवाली केली. त्यानं शब्द पाळला नाहीच. हात निम्मा केला, मानेवरचा गोळ्याचा काळा घट्टा पुसला, रंग उजळला. एवढ्याशा हातात गोळा खोटा दिसू लागला, म्हणून गोळाही लहान केला.

रस्त्यावर फलक लागला, तेव्हा मीच तिला स्कूटरवरून दाखवायला नेलं. तिनं बराच वेळ पाहिलं. "काय रे विलास, माझे दंड कुणाला विकलेस? आणि हातात काय दिलंयस, मोसंबी?" मी हसलो. तीही हसली. भागलं, असं मी धरून चाललो.

भागलं नव्हतं. मैदानावरच्या मुलींनी फलक पाहिला. "ताई, तुम्ही पूर्वी अशा होता? मग एवढ्या सुटलात कशा?" मी अशी कधीच नव्हते, असं ती परोपरीनं सांगायची, पण मुलींचा विश्वास फोटोवर. त्यांच्यातली सगळ्यात लांब फेकणारी पोरगी जेवण टाळू लागली. तिचा गोळा हळूहळू अलीकडे पडायला लागला आणि एक दिवस ती यायचीच थांबली. त्यानंतर ताई मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मैदानावर उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "ऊन लागतं रे." उन्हाला ती कधी भ्यायली होती?...

परवा पालमला दाजींच्या घरी गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो तोच, फलकावरचा. बाकीचे सगळे घोळक्यातले, बोटभर. नात विचारत होती, "आजी इतनी पतली थी?" मी तडक जाहिरातवाल्याला गाठलं. त्याचं ऑफिस आता काचेच्या इमारतीत आहे. फिल्म मागितली. "पुराना माल था यार, फेंक दिया," म्हणाला, आणि मला चहा विचारला. मी वाट्टेल ते बोललो. शिपायानं लिफ्टपर्यंत आणून सोडलं.

चहा नको. त्यानं पालमला यावं, दाजींसमोर बसावं आणि सांगावं, ताईच्या दंडांत त्याला घाबरण्यासारखं काय दिसलं. मी शेजारीच बसेन. दाजींचा पुढचा प्रश्न मला असेल, हे ठाऊक आहे. पण आधी त्यानं बोलावं.