वासाचा रकाना

सगळी कार्यशाळा त्याला नाकोबा म्हणायची. हवाई दलाच्या तळावरचा इंजिन मेकॅनिक, सव्वीस वर्षांची नोकरी, आणि नाक असं की जिन्यातूनच बायकोला ओरडायचा, "अगं, दूध लागतंय!" लढाऊ विमान उडायच्या आधी तो इंधनाच्या नळ्यांच्या सांध्यांवरून तळहात फिरवून हुंगायचा. बाकीचे हसायचे. वैमानिक मात्र शिडीवर पाय ठेवण्याआधी त्यालाच विचारायचा, "नाकोबा, जाऊ का?" हा "जा" म्हणाला की गडी वर.

एका मंगळवारी हाताला वास आला. थेंब मात्र कुठे दिसेना.

"साहेब, आत झिरपतंय कुठंतरी. झाकण उघडून बघतो. दोन तास द्या."

साहेबांनी तपासणीचा कागद पुढे केला. "थेंब पडतोय?"

"नाही."

"मग? थेंबाचा रकाना आहे. वासाचा रकाना दाखव मला. वर काय कळवू, नाकोबाला शिंक आली म्हणून उड्डाण रद्द?"

सगळे खिदळले. मेकॅनिकची सही हवी होती, ती त्याने केली. कुणी हात धरून करायला लावली नव्हती, हेही सांगून टाकलेलं बरं.

"नाकोबा, जाऊ का?" वैमानिकाने विचारलं.

साहेब शेजारीच उभे होते. तो म्हणाला, "जा."

चाकं जमिनीवरून सुटली आणि मिनिटभरात शेपटीखाली जाळ दिसला. विमान परत वळू पाहत होतं, ते काही वळलं नाही. धावपट्टीपलीकडच्या माळावर कोसळलं. वैमानिकाला बाहेर उडी टाकायलाही सवड मिळाली नाही.

चौकशी समितीने विचारलं, "वास आला होता, तर बोलला का नाहीत?"

"बोललो होतो."

साहेबांना ते आठवेना. खिदळणाऱ्यांपैकी एकालाही आठवेना. कागदावर सही होती आणि ती त्याची होती. त्याला उचलून भांडारात बसवलं. साहेबांची बढती ठरल्या तारखेला झाली. 'जा' कोण म्हणालं, हे समितीने विचारलंच नाही. खरं तर तेवढंच त्याला सांगायचं होतं.

सहा महिन्यांनी नवे कागद छापून आले. शेवटचा रकाना होता: 'इंधनाचा वास: आहे / नाही'. गठ्ठे वाटायचं काम याच्याकडेच. एकदा कार्यशाळेत गेला तर मेजावर आठवड्याचे कागद पडलेले, शनिवारपर्यंत 'नाही'वर खूण केलेली. आणि वार होता बुधवार.

"अरे, हे काय?"

"वेळ वाचतो हो," जुना जोडीदार म्हणाला. "आणि तुम्ही कशाला नाक खुपसता? तुमची सही चालत नाही आता."

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात शेगडीशेजारी बसून होता. बायको गच्चीवरून कपडे घेऊन आली, तोवर पातेलं काळं झालेलं.

"अहो! इथंच बसलात ना? वास नाही आला?"

"आला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो," तो म्हणाला.