भिंतीतल्या कॅमेऱ्यांची तक्रार

ती घटना आजही आठवते, आणि आजही चिडचिड होते.

दक्षिण नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हुडकेश्वरकडे राहणारा, कळमेश्वरच्या कारखान्यात मशीन चालवणारा एक पस्तिशीचा माणूस सारखा तक्रार घेऊन यायचा. वरच्या भाडेकरूने आपल्या भिंतीत कॅमेरे बसवलेत, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून एकदा पिशवीभर पोपडे आणले, एकदा घरातला स्विचबोर्डच उखडून आणला. म्हणाला, "याचा पंचनामा करा."

"काहून गा, आमाले दुसरे कामं नाहीत का?" हवालदार वैतागून त्याला बाहेर काढायचा. मीही भाडेकरूची चौकशी करून विषय संपवला होता.

मग एका दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. नवऱ्याने स्वतःला आणि म्हाताऱ्या वडिलांना खोलीत कोंडून घेतलं होतं. हातात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. 'ते' बाबांना मारायला येताहेत, म्हणून तो दाराशी पहारा देत होता! दार तोडून त्याला धरलं. झटापटीत वडिलांचा तळहात फाटला.

"दारू किती पितो?" मी तिला विचारलं.

"दारूले शिवत नाहीत, साहेब. पण झोपूनच नाही राहिले. जेवत नाहीत. डबल ड्युटीत झोप येऊ नये म्हणून कंपनीतून कायची तरी पावडर आणतात."

पंचांसमक्ष झडती घेतली. डब्याच्या पिशवीत एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीची, छोटी पुडी निघाली. आता प्रश्न एकच, कुठून आणली? चौकशीला बसवलं, तर गडी दात करकर चावत पंख्याकडे बघतो.

"साहेब, हळू बोला. ते ऐकून राहिले."

माझ्या फौजदाराचा हात उठला. मी अडवला. बाहेर वडील पट्टी बांधलेला हात हलवत म्हणत होते, "दोन दंडे हाना त्याले, सरळ होईल!" रुग्णालयात नेतो म्हटल्यावर ते माझ्यावरच चिडले. पोरगा पागल ठरेल, लोक काय म्हणतील, हीच त्यांची काळजी.

मानसोपचाराच्या डॉक्टरीण बाईंनी त्याला तपासलं आणि आम्हाला सरळ सांगितलं, "हा नाटक करत नाहीये. या नशेने आणि जागरणाने असे भास होतात. आधी याला झोपू द्या, खाऊ द्या. चौकशी नंतर करा."

वरून तपासासाठी फोन येत होते आणि माझा आरोपी घोरत होता. पण काही दिवसांनी तोच उठून बसला, खाली बघत म्हणाला, "बोर्ड मीच उखडला ना, साहेब?" आणि न विचारता पुरवणाऱ्याचं नाव सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणारा सहकारी. सापळा लावला, माल पकडला, माझं कौतुक झालं.

प्रकरण तिथे संपलं असतं, तर चीड आली नसती. कायद्यात तरतूद आहे. अल्प प्रमाणात माल सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. त्याने तयारी दाखवली होती. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं की या नशेची तलफ मारणारी गोळी नसते, समुपदेशन दीर्घकाळ लागेल, नशा सुटल्यावर माणूस इतका खचतो की जिवाचं बरंवाईट करू शकतो. वडिलांनी सगळ्याला मान डोलावली आणि जामीन झाल्यावर तो दोन वेळा नीट जेवताच त्याला घरी नेलं. "आता चांगला आहे ना, कायले डॉक्टर?"

महिन्याभरात त्याने पुन्हा पुडी घेतली. मी घरी जाऊन वडिलांवर इतका ओरडलो की वरचा भाडेकरू खाली आला. त्यांच्या मुलाला पुन्हा दाखल केलं. या वेळी समुपदेशनाला बायकोही जाऊ लागली. कारखान्याशी बोलून डबल ड्युटी बंद करवली.

बऱ्याच काळाने तिचा फोन आला. "साहेब, काल त्यांनी पुन्हा घेतली."

माझं डोकं फिरलं. आता हिलाही झापायचं, म्हणून तोंड उघडलं.

"पण यावेळी त्यांनी सोताहून सांगतलं मले. आमी दवाखान्याच्या रांगेतच उभे आहो."

ओरडण्यासाठी घेतलेला श्वास मी तसाच सोडला. तपास बंद कसा करायचा, हे मला नोकरीने शिकवलं. काही माणसांची फाईल उघडीच ठेवावी लागते, हे त्या बाईने शिकवलं.

अजूनही ओळखीचे लोक आपल्या व्यसनी पोराला घेऊन येतात आणि म्हणतात, "साहेब, जरा दम द्या." मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवतो. बहुतेक जण नाराज होऊन जातात. जाऊ देत.