मागच्या सीटला ऐकू न जाणारं

बाबांची जुनी गाडी आतून नवी करायला घेतली तेव्हा माझा हट्ट एकच होता: पाय भाजता कामा नयेत आणि आवाज आत येता कामा नये. म्हापशाच्या कारागिरानं मॅट उचलली, तर खाली बाबांनी अंथरलेलं गोणपाट निघालं, डिचोलीच्या खाणीच्या लाल धुळीनं माखलेलं. त्यानं ना खालची धग अडायची, ना इंजिनाची घरघर. दर शुक्रवारी बाजाराला जाताना पुढं आई-बाबा काय बोलतात ते आम्हा मागच्या भावंडांना कधी कळलंच नाही. मी चिडून ओरडायचो, "काय म्हणताय?" आई म्हणायची, "काही नाही."

म्हणूनच पत्र्याला चिकटवायचा, आवाज अडवणारा सगळ्यात जाड थर मी निवडला, त्यावर फेल्टचं कापड घातलं.

परवा आईला पुढं बसवून पेडण्याला निघालो. मागं माझी मुलगी गुणगुणत होती, तेही स्पष्ट ऐकू येत होतं. आईनं मागं वळून तिच्याकडं पाहिलं.

"आता पुढचं सगळं मागं ऐकू जातं?"

"सगळं!" मी ऐटीत म्हणालो.

"मग गोणपाटच बरं होतं रे. घर सदा भरलेलं, तुझ्या बाबांशी मोकळं बोलायला मला हीच एक जागा होती."